अंदमानचा पुढच्या आठवड्याचा हवामान अंदाज कसा वाचायचा: नवीन येणाऱ्यांसाठी

"अहो सातही दिवस पाऊस दाखवतंय, तिकिटं कॅन्सल करू का?" मे महिना लागला की हा प्रश्न सुरू होतो तो थेट डिसेंबरपर्यंत. कधी मावसबहिणीचा मेसेज, कधी तिच्या ऑफिसातल्या कुणाचा, सोबत मोबाईलचा स्क्रीनशॉट, त्यात सात चौकोन आणि सातही चौकोनांत तोच ढग आणि तेच तीन थेंब. मी नोकरीमुळे पोर्ट ब्लेअरला राहतो (सरकारी नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजय पुरम झालंय, पण जेटीवर आणि रिक्षात अजून पोर्ट ब्लेअरच चालतं), त्यामुळे सगळ्यांना वाटतं मला माहिती असणार. प्रत्येकाला वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं तिच्याभोवती लागेल. इथे आठवड्याचा अंदाज बघताना पाऊस दुसऱ्या नंबरवर, पहिला वारा. पावसाने कपडे भिजतात, अर्धा-पाऊण तास कुठेतरी आडोशाला उभं राहावं लागतं आणि बहुतेक वेळा परत ऊन पडतं. वाऱ्याने मात्र बोट बंद होते, आणि बोट बंद झाली की तुम्ही ज्या बेटावर असाल तिथेच.

माझ्या इथल्या पहिल्या डिसेंबरात आई-बाबा आले होते, आम्ही शहीद द्वीपला म्हणजे जुन्या नीलला गेलो. फोनवर पावसाचा एक थेंब नाही, आकाश धुतल्यासारखं निळं. परतायच्या दिवशी दुपारी जेटीवर पोचलो तर खिडकी बंद आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं, आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. पाऊस नव्हताच, पण ईशान्येकडून वारा असा सुटला होता की बाबांची टोपी उडून सरळ पाण्यात, आणि जेटीच्या खांबांवर लाट आपटली की खारे शिंतोडे वरपर्यंत तोंडावर. दोन रात्री जास्तीच्या काढाव्या लागल्या, विमान गेलं, आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या त्याची काळजी वेगळीच. नंतर घरी येऊन त्या आठवड्याचं बुलेटिन काढून बघितलं तर सगळं तीन दिवस आधीपासून लिहिलेलं होतं, मी वाऱ्याची ओळ वाचलीच नव्हती.

पायरी 1: आधी महिना बघा, मग आठवडा

अ‍ॅप उघडायच्या आधी आपण वर्षाच्या कुठल्या भागात आहोत ते डोक्यात पक्कं पाहिजे, नाहीतर पुढचा आकडा जास्त का कमी ते कळणारच नाही. वर्षाला इथे साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो दोन मोसमांत विभागलेला आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्येचे वारे, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येचे वारे, आणि त्याच काळात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं तयार होण्याचा मुख्य हंगाम. जानेवारी ते एप्रिल त्या मानाने कोरडं, त्यातही फेब्रुवारी-मार्च सगळ्यात शांत.

सुट्ट्या मेमध्ये असतात म्हणून पुष्कळ लोक मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करतात, कारण डोक्यात मान्सून म्हणजे जून. पण मान्सून केरळच्या आधी इथे येतो. 2024 ला तो 19 मेला निकोबारला पोचला आणि केरळला 30 मेला. 2025 ला तर 13 मेलाच इथे आला आणि 24 मेला केरळात. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्याचा अंदाज बघताना तुम्ही उन्हाळ्याचा नाही, पावसाळ्याचा अंदाज बघताय, आणि सात चौकोनांत सात ढग दिसणं ही त्या दिवसांत अगदी नॉर्मल गोष्ट आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

महिना कळला की वाऱ्याची दिशा कळते, आणि दिशा कळली की कुठला किनारा शांत आणि कुठला खवळलेला ते कळतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं आणि कुणी नीट सांगत नाही म्हणून जरा थांबून लिहितो. नैऋत्येचा वारा असताना पश्चिमेकडचे किनारे मार खातात. स्वराज द्वीपचा (जुनं हॅवलॉक) राधानगर बीच पश्चिमेला तोंड करून आहे, जानेवारीत तिथे पाणी तळ्यासारखं असतं आणि जुलैमध्ये तिथेच लाटा उभ्या राहतात, पोहण्याची जागाच ती नाही तेव्हा. उलट विजयनगर, काळापत्थर हे पूर्वेकडचे किनारे, नैऋत्य मान्सूनमध्ये बेटाच्या आडोशाला येतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात ईशान्येचा वारा जोरात असला की त्यांच्यावर पाणी गढूळ आणि खळबळलेलं. नीलला लक्ष्मणपूर पश्चिमेला, सीतापूर पूर्वेला, तोच हिशोब. म्हणून अंदाजात वाऱ्याचा वेग बघितला की लगेच दिशा बघा आणि नकाशावर बोट ठेवून बघा की आपला बीच वाऱ्याच्या तोंडावर आहे का पाठीमागे.

पायरी 2: सरकारी बुलेटिन उघडा आणि त्यातले शब्द ओळखा

हवामान खात्याचं म्हणजे आयएमडीचं सात दिवसांचं बुलेटिन वेबसाइटवर फुकट मिळतं, इंग्रजी-हिंदीत असतं. भाषा रुक्ष वाटते पण त्यातला प्रत्येक शब्द मोजून ठरवलेला आहे, एकदा अर्थ कळले की दोन मिनिटांत वाचून होतं.

आधी एक लक्षात घ्या. आयएमडीने देशाचे 36 हवामान उपविभाग केलेत आणि अंदमान-निकोबार मिळून त्यातला एकच. म्हणजे उत्तरेला दिगलीपूरपासून दक्षिणेला ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटपर्यंत, सातशे किलोमीटरहून जास्त लांबीचा पट्टा, मधे दीडशे किलोमीटर रुंदीची दहा अंश खाडी, आणि या सगळ्याला मिळून बुलेटिनमध्ये एक ओळ. दक्षिणेकडे कॅम्पबेल बेला धो धो पडत असेल आणि उत्तरेकडे मायाबंदरला लख्ख ऊन असेल, तरी ओळ एकच. म्हणून ती ओळ वाचून झाली की जिल्हावार तक्ता शोधा, जिल्हे तीनच आहेत, उत्तर व मध्य अंदमान, दक्षिण अंदमान आणि निकोबार. फिरायला येणारे बहुतेक सगळे दक्षिण अंदमानातच असतात, हॅवलॉक आणि नीलही त्यातच येतात.

आता शब्द. तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50 टक्के, बऱ्याच ठिकाणी म्हणजे 51 ते 75 आणि त्याच्या वर गेलं की बहुतांश ठिकाणी. हे जागेचं प्रमाण आहे, जोराचं नाही, इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. शिवाय बेटांवर मोजणारी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पोर्ट ब्लेअर, मायाबंदर, लाँग आयलंड, हट बे, कार निकोबार, नानकौरी अशी, त्यामुळे तुरळक म्हणजे प्रत्यक्षात एखाददुसऱ्या केंद्रावर.

जोराचा हिशोब वेगळा, तो 24 तासांतल्या मिलिमीटरमध्ये. 2.5 ते 15.5 हलका, 15.6 ते 64.4 मध्यम, 64.5 ते 115.5 जोरदार, 115.6 ते 204.4 अतिजोरदार, आणि 204.5 च्या पुढे अत्यंत जोरदार. आता मध्यम हा शब्द बघा किती मोठा आहे, 16 मिलिमीटर म्हणजे दोन सरी येऊन गेल्या, आणि 60 म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ पाऊस आणि रस्त्यावर पाणी, दोन्हीला नाव एकच. म्हणून मध्यम लिहिलं असेल तर मी सोबत वीज-गडगडाट लिहिलाय का आणि वाऱ्याचा आकडा लिहिलाय का ते बघतो.

24 तास कुठले तेही महत्त्वाचं, आयएमडीचा पावसाचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30. म्हणजे मंगळवारचा म्हणून जो पाऊस लिहिलाय त्यात बुधवारची पहाटही आली. काही बुलेटिनांत वेळ यूटीसीमध्ये म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे की आपली वेळ, 0300 यूटीसी म्हणजे आपले सकाळचे 8:30.

एक नमुना ओळ घेऊ, अशी ओळ नोव्हेंबरात सर्रास दिसते: बऱ्याच ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस, तुरळक ठिकाणी जोरदार, विजांसह, वाऱ्याचा वेग ताशी 40 ते 50 किलोमीटर. नवीन माणूस यातलं जोरदार बघून घाबरतो. मी वाचतो ते असं, जोरदार हे एखाद्याच केंद्रावर, ते माझंच असेल असं नाही, पण 40 ते 50 चा वारा मात्र समुद्रावर असू शकतो, म्हणजे बोटींची खात्री नाही. आणि हो, रंगांचं: हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पिवळा इथे मोसमात खूपदा लागतो, पिवळ्याला ट्रिप रद्द करत बसलात तर कधीच येणं होणार नाही. नारंगी दिसला की मात्र बेटांमधली हालचाल थांबवायची आणि जिथे आहोत तिथल्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेवायचं.

पायरी 3: समुद्रात काही शिजतंय का ते बघा

ही पायरी फिरायला येणारे लोक बघतच नाहीत, आणि आठवड्याचा खरा निकाल इथेच लागतो.

आयएमडी रोज बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रासाठी एक वेगळं बुलेटिन काढतं, त्यात पुढच्या 168 तासांत म्हणजे सात दिवसांत डिप्रेशन (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची, जास्त जोराची पायरी) तयार होण्याची शक्यता लिहिलेली असते, शून्य, कमी, मध्यम किंवा जास्त. त्यात अंदमान समुद्र, आग्नेय बंगालचा उपसागर हे शब्द आले की कान टवकारायचे. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचंही एक येतं, बुकिंग करायच्या आधी ते वाचणं फार उपयोगी. त्यात एमजेओ असा एक शब्द सारखा येतो, त्याचा साधा अर्थ असा की विषुववृत्ताच्या कडेने पूर्वेकडे सरकणारा ढगाळ-पावसाळी हवेचा एक मोठा टप्पा असतो, साधारण 30 ते 60 दिवसांत तो पृथ्वीला फेरी मारतो, आणि तो हिंदी महासागराच्या पूर्व भागात आलेला असला की आपल्याकडे पाऊस आणि कमी दाबाची क्षेत्रं तयार व्हायला पोषक हवा मिळते.

समुद्रावर असं जे काही तयार होतं त्याला सगळे सिस्टिम म्हणतात, तिच्या पायऱ्या पाठ करून ठेवा: कमी दाबाचं क्षेत्र, मग डिप्रेशन म्हणजे वारा ताशी 31 ते 50 किलोमीटर, मग डीप डिप्रेशन 51 ते 62, आणि 63 ला पोचलं की चक्रीवादळ, तेव्हाच त्याला नाव मिळतं. आता इथली गंमत नाही, इथला धोका समजून घ्या. अंदमान समुद्र आणि आजूबाजूचा उपसागर ही पुष्कळ सिस्टिमची जन्मजागा आहे, म्हणजे ती आपल्याजवळून जाताना बरेचदा लहान असतात, बिननावाची, टीव्हीवर बातमीच नसते, बातमी होते ती पश्चिमेला जाऊन मोठी झाल्यावर. डिसेंबर 2016 चं वरदा चक्रीवादळ आठवा. ते 12 डिसेंबरला चेन्नईला धडकलं म्हणून लोकांच्या लक्षात आहे. पण त्याच्या आधीच, त्याला नाव मिळायच्याही आधी, हॅवलॉकला हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, बोटी बंद, आणि शेवटी नौदलाची जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं. तेव्हा कुणी चक्रीवादळाचं नाव शोधत बसला असता तर त्याला काहीच सापडलं नसतं. 2013 च्या नोव्हेंबरात लेहर मात्र इथे येईपर्यंत चक्रीवादळ झालेलं होतं आणि 25 नोव्हेंबरला ते पोर्ट ब्लेअरजवळून गेलं. आणि मोसमाबाहेर काही होतच नाही असंही नाही, पाबुक जानेवारी 2019 मध्ये चक्क थायलंडच्या आखातातून अलीकडे अंदमान समुद्रात आलं.

त्यामुळे बुलेटिनमध्ये नुसतं कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता असं आलं तरी त्याच्या आजूबाजूचे तीन दिवस वहीत गोल करून ठेवा.

उपग्रहाची चित्रंही बघा, इन्सॅटची, वेबसाइटवर थोड्या थोड्या वेळाने नवी येतात. तज्ज्ञ असायची गरज नाही. कापसाचे पुंजके विखुरल्यासारखे ढग असतील तर रोजच्या सरी. बेटांच्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला एकच मोठी पांढरी चादर पसरलेली असेल आणि सहा तासांनी परत बघितल्यावर ती अजून मोठी, अजून घट्ट झाली असेल, कडा गोलाकार वळायला लागल्या असतील, तर बोटीचं तिकीट काढायच्या आधी एक दिवस थांबा.

पायरी 4: लाटा

पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक खासगी बोट साधारण दीड तास, सरकारी अडीचच्या आसपास, आणि त्या दीड तासात काय होणार ते लाटेच्या आकड्यावर ठरतं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राचा अंदाज देते, लाटेची उंची, दिशा, आणि दोन लाटांमधला वेळ. मासेमारी बोटींसाठी इशारे असतात ते पर्यटकांनीही वाचावेत, ते सगळ्यात सरळ भाषेत असतात.

लाटेची जी उंची लिहितात ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते, मधूनच एखादी लाट जवळपास दुप्पट येऊ शकते. 1.25 मीटरपर्यंत समुद्र हलका, तिथून 2.5 पर्यंत मध्यम, 2.5 ते 4 खवळलेला, 4 च्या पुढे फार खवळलेला. माझा स्वतःचा अनुभव असा की वारा ताशी 20 किलोमीटरच्या आत आणि लाट एक मीटरच्या आसपास असली की आजी-आजोबा आणि लहान मुलंही आरामात जातात. 30 च्या घरात गेला की ज्यांना बोट लागते त्यांनी उलटीची गोळी आधीच घ्यावी, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि 40 ते 50, मधेच झटका 60 चा, असं मच्छीमारांसाठी लिहून आलं की फेऱ्या रद्द होऊ शकतात असंच धरून चालायचं, लहान स्पीडबोटी तर त्याच्या आधीच थांबतात, आणि थांबल्या तर हुज्जत घालू नका, कृपा करून.

यात एक वेगळी गोष्ट आहे ती जिवावरची आहे. कधी कधी आकाश स्वच्छ, वारा नाही, आणि तरी किनाऱ्यावर मोठ्या मोठ्या लाटा येतात. या लाटा इथल्या वाऱ्याने तयार झालेल्याच नसतात, दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटर दूर कुठेतरी वादळी वारे झालेले असतात आणि तिथून निघालेली फुग काही दिवसांनी इथे पोचते. ओळखायची कशी, तर इन्कॉइसच्या तक्त्यात दोन लाटांमधला वेळ बघा. रोजची वाऱ्याची लाट पाच-सात सेकंदांची असते. तिथे 14-15 सेकंद किंवा जास्त दिसले तर ती दुरून आलेली फुग, उंची फक्त दीड मीटर लिहिली असेल तरी किनाऱ्यावर आपटताना तिचा जोर फार असतो आणि परत जाताना पाय ओढून नेते. एप्रिल-मेच्या सुट्टीच्या दिवसांत हे होतं, पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर जास्त. एक-दोन शांत लाटा बघून मुलांना पाण्यात सोडू नका, दहा मिनिटं नुसतं उभं राहून मोठ्या लाटांची टोळी किती वेळाने येते ते बघा, मगच.

पायरी 5: मोबाईल अ‍ॅप, पण शेवटी

अ‍ॅप वाईट नाहीत, त्यांना काय दिसतं आणि काय दिसत नाही ते माहीत पाहिजे. अ‍ॅपमागे कुठलं तरी जागतिक मॉडेल म्हणजे हवामानाचं संगणकावरचं गणित असतं, युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ साधारण 9 किलोमीटरच्या चौकटीत हिशोब करतं, अमेरिकेचं जीएफएस साधारण 13. नील बेट अख्खं एका चौकटीत मावेल एवढं लहान, म्हणजे मॉडेलला ते बेट म्हणून दिसतच नाही, जवळपास नुसता समुद्र दिसतो. मग दुपारी जमीन तापून, खारे वारे आत शिरून बेटाच्या मधोमध जो एक ढग उभा राहतो आणि तीन वाजता बदाबदा कोसळतो तो त्याला कसा दिसणार? आणि दिगलीपूरकडे सॅडल पीक 732 मीटर उंच, त्याच्या अंगावर ढग अडून जो पाऊस पडतो तोही अर्धवटच. म्हणून अ‍ॅपमधली तासातासाची पावसाची वेळ, दुपारी 2 ला पाऊस 3 ला ऊन, ही माझ्या मते इथे बघूच नये. वारा आणि लाट मात्र मोठ्या भागावर एकसारखी असते, ती मॉडेलला चांगली जमते. म्हणजे जी गोष्ट आपल्याला जास्त लागते तीच त्याला जास्त येते, तेवढीच घ्या.

विंडीसारख्या अ‍ॅपमध्ये वाऱ्याच्या शेजारी झटक्यांचा वेगळा थर असतो, तो लावा. दोन मॉडेल आलटून पालटून बघा. आणि सगळ्यात उपयोगी युक्ती ही की एकच दिवस तीन सकाळी बघायचा. समजा बुधवारी तुमची बोट आहे, तर शनिवारी, रविवारी, सोमवारी सकाळी फक्त त्या बुधवारचा वारा लिहून ठेवायचा. तिन्ही दिवस 35, 38, 36 असं आलं तर ते जवळपास पक्कं, त्याप्रमाणे ठरवा. 18, 45, 25 असं नाचत असलं तर मॉडेललाच अजून कळलेलं नाही, अशा वेळी कितीही मनासारखा आकडा दिसला तरी त्यावर पैसे भरू नका. दोन मॉडेल वेगळं बोलत असतील तर वाईट बोलणारं धरून प्लॅन करायचा.

भरवसा किती ठेवायचा ते दिवसागणिक कमी होत जातं. पहिले तीन दिवस आकड्यावर चालायला हरकत नाही. चौथा-पाचवा दिवस म्हणजे वारा वाढतोय का उतरतोय एवढंच. सहावा-सातवा दिवस म्हणजे समुद्रात काही शिजतंय का नाही, बस, त्यापुढे त्यात काही शोधू नये.

विजेसाठी दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं, ते टाकून ठेवा. काही जणांच्या घड्याळात हवेचा दाब दिसतो आणि दुपारी तो खाली आला की फोन येतो, वादळ येतंय का म्हणून. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा वर-खाली होतो, सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारच्या सुमाराला खाली, दोन-तीन हेक्टोपास्कलचा (हे दाब मोजायचं एकक) फरक रोजचाच. तुलना करायची ती कालच्या त्याच वेळेशी. आज सकाळी दहाचा दाब कालच्या दहापेक्षा तीन-चारने कमी असेल तर बुलेटिन परत उघडा.

पायरी 6: वहीत आठवडा मांडा

हे मी अजूनही कागदावरच करतो. सात ओळी, प्रत्येक दिवसाला पाच गोष्टी: वारा आणि दिशा, झटका, लाट, पाऊस, सिस्टिम. समजा नोव्हेंबरातला एक आठवडा असा आला. शनिवार-रविवार ईशान्येचा वारा 20, लाट 1 मीटर, रविवारी बऱ्याच ठिकाणी पाऊस. सोमवारी 25, लाट 1.3, पाऊस तुरळक. मंगळवारी 35, झटका 45, लाट 2. बुधवार-गुरुवार 45, झटका 60, लाट 2.8, दक्षिणेला कमी दाबाचं क्षेत्र होण्याची मध्यम शक्यता. शुक्रवारचं काही स्पष्ट नाही, आणि शनिवारी सकाळी परतीचं विमान.

फक्त पाऊस बघणारा माणूस काय करतो, रविवारी पाऊस आहे म्हणून शनिवार-रविवार पोर्ट ब्लेअरमध्ये काढतो आणि मंगळवारी हॅवलॉकला जातो. झालं, आठवडाभर तिथेच. वारा बघणारा उलट करतो, शनिवारी पहिल्या बोटीने हॅवलॉक, रविवारी भिजत का होईना फिरून घ्यायचं, सोमवारी दुपारच्या आत परत. मंगळवार ते गुरुवार पोर्ट ब्लेअरमध्ये रस्त्याने जाता येईल अशा जागा, सेल्युलर जेल, चॅथमची लाकूड गिरणी (1883 पासूनची आहे, बघण्यासारखी), म्युझियम. जेलमधला संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो उघड्यावर असतो तेव्हा तो यातल्या कमी पावसाच्या संध्याकाळी. राधानगर सोमवारी सकाळी, कारण ईशान्येच्या वाऱ्यात तो आडोशाला आहे, आणि काळापत्थर लांबूनच बघायचा.

वही कशीही भरली तरी एक नियम मी मोडत नाही, विमानाच्या आधीची पूर्ण एक रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरात दोन रात्री. रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवसांची जास्त, आणि थोडे रोख पैसे, कारण हवा बिघडली की बेटांवर नेटवर्क जातं आणि मोबाईलने पैसे देणं बंद पडतं.

पायरी 7: त्या दिवशी सकाळी

ताजं बुलेटिन, मच्छीमारांचा इशारा, आणि जेटीवर फोन. उघड्या समुद्रावर पाऊस बऱ्याचदा पहाटेचा असतो, त्यामुळे पहाटे धो धो ऐकून दिवस गेला असं समजू नका, आठपर्यंत मोकळं होतं पुष्कळदा. मार्च ते मेमध्ये उलट, सकाळ छान आणि दुपारनंतर गडगडाट, तेव्हा पाण्यातल्या गोष्टी सकाळी. महाराष्ट्रापेक्षा इथे दिवस लवकर संपतो, डिसेंबरात सूर्य पाचच्या आसपास मावळतो, म्हणजे दुपारी दोनची सर तासभर थांबली नाही तर संध्याकाळ जवळजवळ गेलीच.

भरती-ओहोटीचा तक्ताही बघा, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला इथे फरक दोन मीटरच्या आसपास असतो. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच बघता येतो, आणि उधाण, मोठी लाट, जोराचा वारा तिन्ही एकत्र आले तर किनाऱ्यालगतचे रस्ते आणि बीचवरची झोपड्यांची हॉटेलं यांच्यापासून लांब राहा.

पाण्यात असताना क्षितिजावर काळी आडवी रेघ आणि तिच्याखाली पांढरट समुद्र दिसला, आणि अचानक अंगावर गार वारा आला, तर लगेच बाहेर या. गार वारा आणि पाऊस यात कधी कधी पाचच मिनिटं मिळतात.

बंदरावरचे वादळाच्या इशाऱ्याचे बावटे नवीन माणसाला कळत नाहीत पण इथल्या प्रत्येक बोटवाल्याला विचारता येतं, आज कितवा बावटा आहे. 1 आणि 2 म्हणजे सिस्टिम लांब आहे, 3 म्हणजे बंदरावर सोसाट्याचा वारा येऊ शकतो, 4 म्हणजे वादळाचा धोका बंदरालाच आहे, 5 ते 7 धोका, 8 ते 10 मोठा धोका, 11 म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. तीन नंबर लागला की मी पाहुण्यांच्या बोटीची तिकिटं पुढे ढकलतो. चार लागला की घरात दोन दिवसांचं पाणी भरतो, पॉवर बँक आणि टॉर्च चार्जिंगला लावतो, बाल्कनीतल्या कुंड्या आणि खुर्च्या आत घेतो, आणि नीलला किंवा हॅवलॉकला कुणी ओळखीचे असतील त्यांना फोन करून विचारतो की औषधं आणि रोख पैसे किती दिवसांचे आहेत.